परदेशी जाताना प्लग, अडॅप्टर आणि घरची विजेची उपकरणं: काय न्यावं, काय ठेवावं?

जाईजुई

नमस्कार. आई-बाबा पुढच्या महिन्यात बहिणीकडे न्यू जर्सीला निघालेत. तिचं पहिलं बाळंतपण, त्यामुळे मुक्काम चांगला पाच-सहा महिन्यांचा. येताना लंडनला मामेभावाकडे आठवडाभर थांबणार आहेत. बॅगा भरायला सुरुवात झाली आहे. आईच्या यादीत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि बाळाच्या दुपट्यांच्या शेजारी तिचा ७५० वॅटचा मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायची किटली आणि शेकायचा विजेचा पट्टा आहे. बाबांना दमा आहे, त्यामुळे नेब्युलायझर न्यावाच लागेल.

दुकानातून एक 'युनिव्हर्सल' अडॅप्टर आणला. दुकानदार म्हणाला, हा लावला की जगात कुठेही काहीही चालतं. बहीण मात्र म्हणते, मिक्सर आणू नका, इथे चालत नाही. आईचं म्हणणं, अडॅप्टर घेतलाय ना, मग का नाही चालणार? जाणकारांनी कृपया कारणासकट सांगा. कारण पटलं तरच आई मिक्सर बॅगेतून बाहेर काढेल.

तारायंत्र

मिक्सर, इस्त्री, किटली तिन्ही घरीच ठेवा. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर न्या. सविस्तर लिहायला इथे माझ्यापेक्षा जाणती मंडळी आहेत.

फेज_न्यूट्रल

ताई, आईंना एवढंच सांगा की अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. भिंतीतून येणारी वीज जशीच्या तशी उपकरणात जाते. आपल्याकडे ती २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी तिची आवर्तनं. दाब बदलायला ट्रान्सफॉर्मर लागतो. ती वेगळी वस्तू आहे, जड असते आणि महागही.

आता दाब निम्मा झाला की काय होतं ते बघा. इस्त्री, किटली, शेकायचा पट्टा, हीटर रॉड ही सगळी कॉइल तापवणारी उपकरणं. यांची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे दाब निम्मा झाला की ताकद निम्मी होत नाही, साधारण पावपट होते. आपली १००० वॅटची इस्त्री १२० व्होल्टवर जेमतेम २७० वॅट देते. सुती साडीची चुणी तिने मोडणार नाही. १५०० वॅटच्या किटलीत लिटरभर पाणी इथे साडेतीन-चार मिनिटांत उकळतं, तिथे तेरा मिनिटं तरी जातील. शेकायचा पट्टा कोमट होऊन थांबेल. यात धोका नाही, पण उपयोगही नाही.

मिक्सरची गोष्ट वेगळी. त्यात युनिव्हर्सल मोटर असते, ५० हर्ट्झ की ६० याचं तिला सोयरसुतक नसतं, पण दाबाचं असतं. १२० व्होल्टवर ती फिरेल, पण मरगळून. नुसतं ताक घुसळाल तर घुसळेल. ओलं खोबरं आणि भिजवलेली डाळ घातली की पातं अडकेल. मोटर अडकली की तिच्यातून जास्त प्रवाह वाहतो. मोटर थंड ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो, तोही तेव्हा मंदावलेला असतो. म्हणून वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारांचं वेटोळं, तापतं आणि वास यायला लागतो. बहिणीचं बरोबर आहे.

उलटी दिशा याहून वाईट. अमेरिकेतला १५०० वॅटचा हेअर ड्रायर आपल्या बोर्डात खोचला तर तो साडेपाच हजार वॅट ओढायला बघतो. क्षणात कॉइल लाल होते, एमसीबी (जास्त प्रवाह आला की वीज आपोआप तोडणारा खटका) पडते, आणि पडली नाही तर पेट घेतो. परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवायला हवं.

दुकानदाराने दिलेला अडॅप्टर खोटा नाही, चार्जरसाठी कामाचा आहे. त्याचं सांगणं अर्धवट आहे.

टेक्सासची_तुळस

फेज_न्यूट्रल दादांना +१.

जाईजुई, आईंना सांग की मिक्सरवाचून त्यांचं इथे अडणार नाही. प्रीती, बटरफ्लाय, विडियम या कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर अमेरिकेत सर्रास मिळतात. न्यू जर्सीत तर एडिसन-इझलिन भागात ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांगच आहे. भांडी तीच, झाकणं तीच, चटणीचा छोटा जारही तोच. बहिणीला आत्ताच घेऊन ठेवायला सांग. आई पोचल्या की पहिल्याच सकाळी त्यांना खोबऱ्याची चटणी करता आली पाहिजे.

इथला साधा ब्लेंडर घेऊन भागेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तो बर्फ फोडतो, स्मूदी करतो, पण कोरडी धणे-जिऱ्याची पूड किंवा पाणी न घालता सुकं वाटण त्याच्यात होत नाही. भांडं उंच आणि अरुंद, पातं तळाशी छोटंसं. आपल्या मिक्सरचं भांडं रुंद असतं आणि मोटर जोर लावून दळायला बनवलेली असते. पुरणाला मात्र विजेचं काही लागत नाही. हाताने फिरवायचं पुरणयंत्र बॅगेत घाला, ते दोन्हीकडे सारखंच चालतं!

आणखी एक, आईंना इथल्या स्वयंपाकघरात नक्की उपयोगी पडेल असं. बेसिनजवळच्या सॉकेटवर 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन छोटी बटणं असतात. जराशी, म्हणजे ५ मिलिअँपिअरच्या आसपास, वीज जमिनीकडे गळली तरी ते सॉकेट बंद पडतं. ओल्या हातांनी काम करणाऱ्यांसाठीच ते बसवलेलं असतं. दुपारी लेक-जावई कामावर असताना मिक्सर एकदम थांबला तर घाबरायचं नाही. प्लग काढायचा, ओलं असेल ते कोरडं पुसायचं आणि 'रीसेट' दाबायचं. एकाच सॉकेटमागे शेजारची दोन-तीन सॉकेटंही जोडलेली असतात, त्यामुळे बटण कधीकधी दुसऱ्याच भिंतीवर सापडतं. परत लावल्यावर पुन्हा पडलं तर ती वस्तू वापरायची नाही.

आणि हो, इथल्या सॉकेटला खटका नसतो. प्लग खोचला की वीज सुरू. म्हणून उपकरणाचं बटण आधी बंद आहे ना हे बघून मगच प्लग लावायचा. दिव्याचे खटकेही उलटे, वर केला की चालू.

गोदाकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे शिकागोला नाशिकहून आणलेला मिक्सर स्टेप-अप (दाब वाढवणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर कितीतरी वर्षं चालतोय, काहीही झालेलं नाही. सासूबाईंच्या हाताला तोच सवयीचा. ज्यांना न्यायचाच आहे त्यांनी ट्रान्सफॉर्मर घ्यावा, एवढं घाबरवण्यासारखं त्यात काही नाही.

फेज_न्यूट्रल

गोदाकाठ, तुमचा चालतोय कारण तुम्ही बहुधा दमदार ट्रान्सफॉर्मर घेतलाय. चालतो हे शंभर टक्के खरं. पण घेणाऱ्याला काय बघायचं ते कळायला हवं, म्हणून लिहितो.

७५० वॅटच्या मिक्सरला ७५० वॅटचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. सुरू होताना आणि वाटण अडकताना मोटर कितीतरी जास्त प्रवाह ओढते, म्हणून निदान दुप्पट, १५०० वॅटचा धरावा. तो लोखंड-तांब्याचाच असणार, दहा किलोच्या घरातला. बॅगेची मर्यादा २३ किलो असताना इथून कोणी नेत नाही, तिथेच विकत घ्यावा लागतो. त्या पैशात ११० व्होल्टचा नवा मिक्सर येण्यासारखा असतो. शिवाय १२० व्होल्टच्या बाजूने साधारण साडेसहा अँपिअर ओढले जातात. त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह सुरू झाला की १५ अँपिअरचा ब्रेकर पडतो.

मुठीत मावेल एवढे हलके 'कन्व्हर्टर' ऑनलाइन दिसतात, वर २००० वॅट छापलेलं असतं. त्यातले बहुतेक २३० चे ११० करणारे असतात, अमेरिकन प्रवाशांच्या हेअर ड्रायरसाठी. विजेची लाट मध्येच तोडून ते दाब कमी करतात. ११० चे २३० त्यातून होत नाहीत. मोटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स असलेली वस्तू तर त्यावर अजिबात लावू नये.

तुमच्याकडच्या ट्रान्सफॉर्मरला मागे ११०/२२० असा निवडीचा खटका असेल तर त्यावर चिकटपट्टी लावून टाका. झाडू मारताना तो सरकला तर मिक्सरला चुकीचा दाब मिळेल. आणि काम झालं की ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढून ठेवा, तो रिकामाही तापत असतो.

गोदाकाठ

चिकटपट्टी आत्ताच लावली. आमचा १५०० चाच आहे, मुलाने चौकशी करून घेतला होता. प्लग मात्र कायम लागलेला असायचा, आजपासून काढतो.

जाईजुई

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला प्रतिसाद वाचून दाखवले. पुरणयंत्रावर ती खूश आहे आणि मिक्सर ओट्यावर परत गेला!

आता घरातल्या सगळ्या चार्जरच्या मागची अक्षरं भिंग घेऊन वाचली. लॅपटॉप, फोन, बाबांच्या ट्रिमरचा चार्जर: सगळ्यांवर 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' आहे. नेब्युलायझरवर फक्त '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ'. म्हणजे तो चालणार नाही ना? बाबांचं रक्तदाब मोजायचं यंत्र पेन्सिल सेलवर चालतं.

फेज_न्यूट्रल

अगदी हेच करायला हवं होतं. १००-२४० लिहिलेलं सगळं पृथ्वीवर कुठेही चालेल, फक्त पिन बदला. रक्तदाबाच्या यंत्राला काही अडचण नाही, सेल तिथेही मिळतात.

नेब्युलायझर मात्र नेऊ नका, आणि यात तडजोड करू नका. त्यातला कॉम्प्रेसर दाब आणि हर्ट्झ दोन्हींवर बेतलेला असतो. १२० व्होल्टवर हवेचा जोर पडतो, औषधाचं धुकं नीट तयार होत नाही. वेळ वाढतो आणि पुरेसं औषध आत गेलं का याची खात्री राहत नाही. इस्त्री कमी तापली तर कपडा चुरगळलेला राहतो, इथे प्रश्न श्वासाचा आहे. ट्रान्सफॉर्मर लावला तरी दाब सुधारतो, हर्ट्झ ६० चेच राहतात.

सेलवर किंवा यूएसबीवर चालणारे जाळीचे छोटे नेब्युलायझर आता इथे मिळतात. दाब, हर्ट्झ, प्लग असला कुठलाच प्रश्न त्यांना येत नाही, आवाजही नाही, हातातल्या बॅगेत बसतात. पण काही औषधं जाळीच्या नेब्युलायझरला चालत नाहीत. म्हणून बाबांच्या डॉक्टरांना औषधाचं नाव दाखवून विचारा आणि निघायच्या आधी घरी वापरून बघा.

वैनगंगा

माझ्या वडिलांना झोपेत सीपॅप (श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) लागतो, म्हणून लिहिते. त्याच्या वीजपुरवठ्याच्या ठोकळ्यावर बहुतेक वेळा १००-२४० असतंच, पण वाचून खात्री करा. सीपॅप नेहमी हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. हॉटेलात सॉकेट पलंगापासून लांब असतं, म्हणून त्या देशाच्या पिनांची लांब वायर पोचल्यावर पहिल्याच दिवशी घेतो. दमटपणासाठी पाणी तापवणारा भाग जोडलेला असेल तर प्रवाह जास्त लागतो, तेव्हा लेचापेचा अडॅप्टर नको.

रानवारा

एक शंका. अमेरिकेत कपडे वाळवायच्या यंत्रासाठी २४० व्होल्टचं मोठं सॉकेट असतं असं ऐकलं. मग त्यातून आपला मिक्सर चालवता येणार नाही का?

फेज_न्यूट्रल

शंका रास्त आहे. घरात १२० व्होल्टच्या दोन विरुद्ध तारा येतात, त्या दोन्हींच्या मध्ये २४० मिळतात. ड्रायर आणि विजेची शेगडी त्यावर चालतात. मिक्सरची मोटर त्यावर फिरेल, तरीही करू नका. त्या सॉकेटमागचा ब्रेकर ३० अँपिअर किंवा त्याहून मोठा असतो. मिक्सरच्या बारीक वायरीत काही बिघाड झाला तर तो ब्रेकर पडायच्या आत वायर जळेल. दुसरं म्हणजे २४० देणाऱ्या त्या दोन्ही तारा जिवंत. मिक्सरचं बटण एकच तार तोडतं, म्हणजे बंद केलेल्या मिक्सरच्या आतही वीज असतेच.

टेबलावरचा वेट ग्राइंडर नेणारेही काही जण असतात. त्यात बहुधा इंडक्शन मोटर असते. १२० वर ती सुरूच होत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. ११० व्होल्टचे ग्राइंडरही अमेरिकेत मिळतात, इडलीवाल्यांनी तेच घ्यावेत.

थेम्सकाठचा

लंडनबद्दल मी लिहितो. इथे दाब आणि हर्ट्झ आपल्यासारखेच, २३० आणि ५०. आपली कुठलीही वस्तू चालते. पिना तेवढ्या वेगळ्या, तीन चौकोनी. गंमत म्हणजे आपला गोल तीन पिनांचा प्लग मुळात इंग्रजांचाच. त्यांनी १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं आणि घरोघरी तेच झालं. आपण जुन्या गोल पिनांवरच राहिलो. आपला गिझर-एसीचा मोठा गोल प्लग दक्षिण आफ्रिकेत आजही चालतो, त्याचं मूळही हेच.

इथल्या प्रत्येक प्लगच्या आत फ्यूज असतो, ३, ५ किंवा १३ अँपिअरचा. सॉकेटच्या खालच्या दोन भोकांना आतून झडपा असतात. वरची अर्थची लांब पिन आत गेली की त्या उघडतात. आपल्याकडची मंडळी टू-पिन चार्जर खुपसायला वरच्या भोकात पेनाचं टोपण किंवा चमचा घालतात. कृपया हे करू नका आणि घरातल्या मुलांसमोर तर मुळीच करू नका. लहान मुलांच्या बोटांसाठीच त्या झडपा आहेत. साधा अडॅप्टर स्वस्तात मिळतो.

बाथरूममध्ये आरशाजवळ एक टू-पिनचं सॉकेट दिसेल, 'शेव्हर्स ओन्ली' लिहिलेलं. ते खरोखर दाढीच्या यंत्रापुरतंच आणि दात घासायच्या ब्रशच्या चार्जरपुरतंच आहे. हेअर ड्रायर त्यावर चालणार नाही.

हीच चौकोनी पिन दुबई, मस्कत, दोहा, सिंगापूर, मलेशिया आणि हाँगकाँगला. दाबही आपल्याच जवळचा. म्हणजे जाईजुईच्या आईंचा मिक्सर मस्कतला बिनघोर चालला असता. तिथे कायम राहणाऱ्यांनी अडॅप्टर न लावता मिक्सरचा प्लगच इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्यावा, ५ अँपिअरच्या फ्यूजसह.

प्राजक्त_म्युनिक

युरोपचं मी सांगते, कारण दर उन्हाळ्यात इथे सहलीला येणारे नातेवाईक हाच प्रश्न विचारतात.

दाब २३०, हर्ट्झ ५०. आपल्या फोनच्या चार्जरला बारीक गोल टू-पिन असेल तर तो पॅरिस, म्युनिक, व्हिएन्ना, रोम, झुरिक सगळीकडे थेट बसतो. अडॅप्टरची गरजच नाही. अडतं ते लॅपटॉपच्या तीन पिनांच्या प्लगवर. जर्मन सॉकेट खोल वाटीसारखं असतं आणि अर्थ बाजूच्या पट्ट्यांतून मिळतो. फ्रान्समध्ये अर्थची पिन सॉकेटमधूनच बाहेर आलेली असते. स्वित्झर्लंड आणि इटलीत तीन बारीक पिना, दोघांचीही मांडणी वेगळी. म्हणून जर्मनीत घेतलेला जाड गोल प्लगचा अडॅप्टर स्वित्झर्लंडच्या अरुंद सॉकेटमध्ये जात नाही. सहा देश फिरणाऱ्यांची पंचाईत होते ती इथे.

काही जण आपल्या प्लगची अर्थची पिन कापून उरलेल्या दोन पिना जर्मन सॉकेटमध्ये दाबून बसवतात. आपली पिन ५.१ मिलिमीटर जाड, इथलं सॉकेट ४.८ च्या पिनेसाठी. दाबून घातली तर आतल्या पट्ट्या फाकतात, आणि नंतर लावलेला बरोबरचा प्लगही सैल बसून ठिणग्या मारतो. अर्थ गेला तो गेलाच. उलट, इथले प्लग आपल्या बोर्डात सैल बसतात, हे सुट्टीवर घरी जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चार्जर लोंबत असेल आणि प्लग हाताला गरम लागला तर तिथून काढा.

लॅपटॉपसाठी माझा सल्ला अडॅप्टरऐवजी वायर बदलायचा. चार्जरच्या ठोकळ्यातून भिंतीकडे जाणारी वायर बहुतेक वेळा निघते. ठोकळ्याकडचं तोंड इंग्रजी आठसारखं किंवा तीन पाकळ्यांचं असतं आणि जगभर तेच असतं. ज्या देशात बराच काळ राहायचंय तिथल्या पिनांची वायर विकत घ्या. अर्थ नीट मिळतो आणि भिंतीला लोंबणारं ओझंही नसतं.

सह्यकडा

वायर बदलायची कल्पना फारच आवडली, हे आजवर सुचलं नव्हतं. वाचनखूण साठवली आहे.

सुमिदातीर

तोक्योहून लिहितोय. जपानची वीज १०० व्होल्ट, अमेरिकेहूनही कमी. आपली १५०० वॅटची किटली इथे २८० वॅटची होते. हर्ट्झचा तर देशातच दुभंग आहे. १८९५ च्या सुमारास तोक्योने जर्मनीहून ५० हर्ट्झची यंत्रं आणली आणि त्यानंतर थोड्याच काळात ओसाकाने अमेरिकेहून ६० ची. ती दोन राज्यं आजही एक झालेली नाहीत. फुजी नदीच्या पूर्वेला ५०, पश्चिमेला ६०. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा पडला. पश्चिमेत वीज होती, पण दोन्ही बाजू जोडणारी केंद्रं मोजकी आणि अपुरी असल्यामुळे ती मनासारखी इकडे आणता येईना.

प्रवाशासाठी मुद्दा असा की इथली बहुतेक सॉकेटं दोन चपट्या पिनांची, अर्थच्या भोकाशिवाय. अमेरिकेसाठी घेतलेला तीन पिनांचा अडॅप्टर इथे बसत नाही. एक पिन रुंद असलेला दोन पिनांचा अमेरिकन प्लगही जुन्या सॉकेटमध्ये अडतो. दोन्ही पिना सारख्या असलेला अडॅप्टर घ्या. निशी-कासाई भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. ओळखीचं कोणी असेल तर विचारा, कोणाकडे तरी जास्तीचा पडलेला असतोच. इथे राहायला येणाऱ्यांना ११० व्होल्टचा मिक्सर चालतो, वेग थोडा कमी मिळतो इतकंच.

तारायंत्र

परतीच्या सामानाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अमेरिकेतून येताना लोक तिकडची चार-सहा सॉकेटांची एक्स्टेन्शन पट्टी आणतात, 'सर्ज प्रोटेक्टर' वाली. तिच्यात वाढलेला दाब शोषणारा एक भाग असतो, तो १२० व्होल्टच्या हिशेबाने बसवलेला. आपल्या २३० वर लावली की त्याला ती कायमचीच उसळी वाटते आणि तो फट्कन फुटतो. धूर येतो, कधीकधी आगही लागते. प्रवासी किटलीला खाली ११०/२२० चा खटका असतो, तोही घरी आल्यावर २२० वर केल्याशिवाय लावू नये.

वैनगंगा

@तारायंत्र, सहमत. क्रूझवर जाणाऱ्यांनीही सर्ज प्रोटेक्टरची पट्टी नेऊ नये. जहाजाची वायरिंगची पद्धत जमिनीवरच्या घरापेक्षा वेगळी असते, म्हणून बहुतेक कंपन्या ती चढतानाच काढून घेतात. साधा यूएसबी चार्जर चालतो.

रानवारा

पॉवर बँकचं काय? आमच्या ग्रुपमध्ये यावरून वाद चाललाय.

सह्यकडा

पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. मर्यादा १०० वॅट-तास. मिलिअँपिअर-तासांना ३.७ ने गुणून हजाराने भागा: २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची होते, चालते. आकडे पुसले गेले असतील तर सुरक्षा तपासणीत अडवतात. चीनमध्ये देशांतर्गत विमानात २८ जून २०२५ पासून त्यांच्या '३सी' या सुरक्षा-प्रमाणपत्राच्या शिक्क्याशिवाय पॉवर बँक नेऊ देत नाहीत, तिकडे जाणाऱ्यांनी बघून घ्या.

अवांतर: हॉटेलच्या खोलीत दाराजवळ कार्ड खोचल्यावरच वीज येते. कार्ड काढून फिरायला गेलात की चार्जिंग बंद. बऱ्याच ठिकाणी फ्रिजचं सॉकेट चालू राहतं, कॅमेऱ्याची बॅटरी तिथे लावता येते. आणि खोलीत इंडक्शन शेगडी लावून खिचडीला फोडणी घालू नका. धुराची घंटा वाजली तर अख्खं हॉटेल रस्त्यावर येतं, दंड वेगळाच.

जाईजुई

बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांचं औषध जाळीच्या नेब्युलायझरमध्ये चालतं म्हणाले. काल आणला, रात्री वापरूनही बघितला, बाबांना आवडला. शेकायचा पट्टा काढून रबराची गरम पाण्याची पिशवी ठेवली. बहिणीने ११० व्होल्टचा मिक्सर मागवला.

शेवटचा प्रश्न: आणलेला युनिव्हर्सल अडॅप्टर लंडन आणि न्यू जर्सी दोन्हीकडे चार्जरसाठी चालेल, की वेगळे घेऊ?

फेज_न्यूट्रल

चार्जरसाठी चालेल. पण त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि फ्यूज आहे का तेही. अशा अडॅप्टरांत अर्थची पिन बहुधा नुसती प्लास्टिकची असते किंवा आत कुठेच जोडलेली नसते. दोन पिनांच्या चार्जरला त्याने फरक पडत नाही, तीन पिनांच्या धातूच्या वस्तूला पडतो. शिवाय तो जड असतो आणि अमेरिकेतल्या सैल सॉकेटमधून स्वतःच्याच वजनाने निखळून येतो.

दोन्ही देशांचे साधे, वेगवेगळे अडॅप्टर घ्या. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतील, विमानतळावर तेच कितीतरी महाग पडतात. दुकानातच तुमचा चार्जर लावून बघा: हलवल्यावर डगमगला तर दुसरा मागा. आणि दोन-तीन तोंडांचा एकच ६५ वॅटचा यूएसबी चार्जर घेतलात तर दोघांचे फोन एकाच अडॅप्टरवर होतील. लॅपटॉपही यूएसबी-सी वर चार्ज होणारा असेल तर त्याचा जुना ठोकळा घरी राहील.